सोडवलेली आणि सोडलेली

म्हापशाच्या स्टँडवर दुपारच्या फेरीला आम्हाला पस्तीस मिनिटं मिळतात. ड्रायव्हर चहा घेऊन येतो आणि डोळे मिटतो. मी मागच्या सीटवर बसून खिशातली चिठ्ठी काढतो. चिठ्ठीवर दहा प्रश्न असतात. परवा नेहमीचे एक म्हातारे गृहस्थ, मुळगावला उतरणारे, माझ्या खांद्यावरून डोकावले. म्हणाले, "काय रे, इन्स्पेक्टरची परीक्षा की काय?" मी म्हटलं, "नाही हो, सैन्याची." त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पुढे काही बोलले नाहीत.

पोट माझं, परीक्षा मुलीची. २०२५च्या १४ सप्टेंबरला ती एनडीएच्या, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेला बसते आहे, आणि ही तिची पहिली खेप नाही. गेल्या वर्षी दोनदा बसली. दुसऱ्या खेपेला लेखी निघाली, पण यंदा एसएसबीच्या, म्हणजे लेखीनंतर सैन्याचं निवड मंडळ घेतं त्या चाचणीच्या, पहिल्याच दिवशी, स्क्रीनिंगला, परत आली. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात आणि मग गटात बोलायला लावतात. आमची बाय घरात बोलून कान किटवते, तिथे तिला वीस जणींच्या गलक्यात तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. त्यावर वेगळं लिहीन. आज गणिताबद्दल लिहितो, कारण गणितात मीही बुडालो होतो, आणि बुडताना काय काय हाताला लागलं ते विसरायच्या आत टिपून ठेवायचंय.

मी कंडक्टर. डिचोली–म्हापसा मार्गावर वर्षं गेली. घर मये गावात. घरात आम्ही कोंकणीच बोलतो, पण लिहिता हात मला मराठी प्राथमिक शाळेने दिला, म्हणून घरातली बोलणीसुद्धा इथे मराठीत उतरवतोय. बारावी मी कॉमर्समधून केली. म्हणजे साइन-कॉस दहावीपुरते, आणि डेरिव्हेटिव्ह हा शब्द मी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा नीट ऐकला. तोही मुलीच्या तोंडून, तिने वैतागून वही आपटल्यावर.

गेल्या वर्षी मार्चात तिची बारावी संपली आणि २१ एप्रिलला एनडीएची पहिली परीक्षा झाली. बोर्डाच्या गणितात ती बरी. म्हणजे चांगलीच. त्यामुळे आम्हाला काळजी वाटली ती जनरल नॉलेजची. मी तिला गोवा मुक्तीच्या तारखा, ऑपरेशन विजय, राज्यपालांचे अधिकार असलं काय काय पाठ करायला लावत होतो. पणजीत सेंटर होतं. साडेबाराला गणिताचा पेपर सुटला, मी फाटकाबाहेर आंब्याच्या झाडाखाली उभा. ती आली ती मान खाली घालून. मी विचारलं, "किती सोडवलीस?"

"बावन्न."

"एकशेवीसपैकी?"

"चाळीसपर्यंत सगळी ओळीने केली. मग बघते तर घड्याळात अर्धा तास राहिलेला."

घरी येऊन ताळा घातला. बावन्नपैकी सदतीस बरोबर, पंधरा चूक. इथे माझे आजोबा आठवले. ते डिचोलीत एका दुकानात दिवाणजी होते. शाळेत मास्तरांनी आम्हाला नुसते पाढे शिकवले, पण आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं घोकून घेतलं होतं, संध्याकाळी दिवा लागला की तुळशीपाशी. आयुष्यात दिडकीपर्यंत उपयोग झाला, अडीचकीचा कधी झाला नव्हता. आणि ही परीक्षा निघाली नेमकी अडीचकीची. एका बरोबर उत्तराला अडीच गुण. सदतीस अडीचकी साडेब्याण्णव. चुकीला मात्र त्या अडीचचा तिसरा हिस्सा कापतात, ०.८३. म्हणजे तीन चुका झाल्या की एक बरोबर उत्तर गेलं. पंधरा चुकांचे साडेबारा. राहिले ऐंशी. तीनशेपैकी.

ऐंशी गुण ऐकल्यावर तिची आई म्हणाली, "बोर्डात त्र्याण्णव, इथे ऐंशी, एवढं काय रडायचं?" बोर्डाचे शंभरपैकी होते हे तिला माहीत होतं, पण मुलीला हसवायचं होतं. बाय हसली नाही.

मग म्हापशात एका क्लासात चौकशी केली. फी चाळीस हजार. डेमो म्हणून एक तास बसू दिलं. सरांनी तासाभरात अठरा 'ट्रिका' फळ्यावर लिहिल्या. का, कशी, कधी लागू पडते आणि कधी नाही, यातलं काही नाही. बाय बाहेर येऊन म्हणाली, "पप्पा, हे सूत्र फक्त समभुज त्रिकोणाला चालतं, ते सर बोललेच नाहीत." तेव्हाच मी ठरवलं की चाळीस हजार वाचवायचे. दुसरं कारण खोटं कशाला सांगू, चाळीस हजार नव्हतेही.

आता या परीक्षेची रचना सांगतो, कारण सगळी गोम तिच्यात आहे. गणिताचा पेपर अडीच तासांचा, प्रश्न १२०, गुण ३००. दुपारी दुसरा पेपर, जनरल अॅबिलिटी, ६०० गुणांचा. कॅल्क्युलेटर नाही. अडीच तास म्हणजे नऊ हजार सेकंद. भागिले १२०. एका प्रश्नाला ७५ सेकंद, म्हणजे सव्वा मिनिट. त्यात वाचायचं, समजायचं, करायचं, आणि ओएमआरच्या कागदावर काळ्या बॉलपेनने गोल भरायचा.

सव्वा मिनिट म्हणजे किती ते मला लगेच कळलं. अस्नोड्याच्या बाजारातून गाडी सुटते, मी तीन-चार जणांना तिकिटं देतो, एकाकडे पाचशेची नोट असते, त्याला "सुटे बघा" म्हणतो आणि पुढचा थांबा येतो. तेवढाच वेळ. पाचशेच्या नोटवाल्याशी वाद घालत बसलो तर बाकीचे तिघे बिनतिकिटाचे उतरून जातात. एप्रिलच्या पेपरात बायने नेमकं तेच केलं होतं. सतराव्या प्रश्नाशी ती नऊ मिनिटं भांडली. प्रश्न सुटला. अडीच गुण मिळाले. नऊ मिनिटांत सात प्रश्न होतात.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती चिडली. म्हणाली, "येत होतं ते सोडू कशाला?" बारा वर्षं शाळेने तिला हेच शिकवलेलं. पायऱ्या लिही, उत्तर नाही आलं तरी पायरीला गुण मिळतात, पेपर कोरा ठेवू नकोस. इथे पायरीला काडीचा गुण नाही. उत्तर अ, ब, क, ड. संपलं.

मे महिन्यात आम्ही पडवीत टेबल टाकलं. मी ड्युटीवरून आलो की हातपाय धुऊन तिच्यासमोर बसायचो. माझं काम घड्याळ धरायचं आणि उत्तर ताडून पाहायचं. आठवडाभर तेवढंच केलं. मग एक दिवस प्रश्न आला, साइन १५ अंश गुणिले कॉस १५ अंश किती. बायने साइन १५ चं ४५ वजा ३० केलं, सूत्र घातलं, वर्गमूळ सहा वजा वर्गमूळ दोन, भागिले चार. मग कॉस १५ चं तसंच, मध्ये अधिक. मग दोन्ही गुणले. सहातून दोन गेले चार, खाली सोळा, उत्तर एक चतुर्थांश. सुरेख, टापटीप, पण तीन मिनिटं दहा सेकंद.

मी मागचं स्पष्टीकरण वाचलं. दुप्पट कोनाचं सूत्र: दोन साइन कॉस म्हणजे दुप्पट कोनाचा साइन. दुप्पट कोन तीस. साइन तीस म्हणजे अर्धा. त्याचा अर्धा पाव. दहा सेकंद.

"हे सूत्र तुला येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

ती गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "पंधरा दिसलं की माझा हात आपोआप पंचेचाळीस वजा तीस लिहायला लागतो."

हे मला फार पटलं. माझाही हात तसाच. कुणी "थिवी" म्हटलं की बोटं मशीनवर आधी दाबतात, मग लक्षात येतं की हा माणूस थिवी स्टेशन म्हणत होता, थिवी गाव नव्हे. त्या रात्रीपासून आम्ही एक नियम केला. प्रश्न वाचल्यावर पहिली दहा सेकंदं पेन खाली ठेवायचं. हात टेबलावर पालथा. फक्त बघायचं. दहा सेकंदांत वाट दिसली तर उचल पेन. दिसली नाही तर पुढचा प्रश्न. सुरुवातीला तिला हे शिक्षेसारखं वाटायचं. जूनमध्ये तिच्या लक्षात आलं की चाळीसेक टक्के प्रश्नांची वाट पेन न उचलताच दिसते. तीन बाय तीनचं डिटर्मिनंट, आकडे एक दोन तीन, चार पाच सहा, सात आठ नऊ. शाळेत ते विस्तार करून सोडवतात. बघत बसलं तर दिसतं की दुसऱ्या ओळीतून पहिली वजा केली काय आणि तिसरीतून दुसरी वजा केली काय, दोन्हीकडे तीन तीन तीनच उरतात. दोन ओळी सारख्या झाल्या की डिटर्मिनंट शून्य.

इंटिग्रेशनचंही तसंच. ते म्हणजे डेरिव्हेटिव्हची उलटी वाट, आणि माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला ती या जन्मी येणार नाही. पण चार पर्याय समोर दिलेले असतात आणि त्यातल्या प्रत्येकाचं डेरिव्हेटिव्ह काढून पाहता येतं. ज्याचं डेरिव्हेटिव्ह प्रश्नातल्यासारखं आलं ते उत्तर. म्हणजे चावी बनवायची नाही, चार चाव्या कुलपात घालून बघायच्या. बायला यात आधी लबाडी वाटली. मी म्हटलं, चाव्या त्यांनीच टेबलावर ठेवल्यात, मी चोरल्या नाहीत.

पेपर इंग्रजी आणि हिंदी, दोन्ही भाषांत छापलेला असतो. मराठी शाळेतून पाचवीला इंग्रजीत गेलेल्या माझ्यासारख्याला ती हिंदी बाजू वाचताना वेगळीच मजा. मॅट्रिक्सला आव्यूह. मला वाटलं, चक्रव्यूहाचा धाकटा भाऊ. डिटर्मिनंटला सारणिक, संभाव्यतेला प्रायिकता. बाय आयुष्यात फक्त इंग्रजी शब्द शिकलेली, तिला यातलं एक अक्षर कळेना. पण एका प्रश्नात 'अॅट लीस्ट' आणि 'अॅट मोस्ट' यात ती सारखी गोंधळायची. मी मराठीत सांगितलं, "कमीत कमी दोन" आणि "जास्तीत जास्त दोन". कधीच चुकली नाही त्यानंतर. दहा वर्षं इंग्रजीत गणित केलं तरी मोजायची भाषा घरचीच राहते बहुतेक.

संभाव्यतेवरून आठवलं. लीप वर्षात त्रेपन्न रविवार असण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न जुन्या पेपरांत फिरून फिरून येतो. ३६६ दिवस, म्हणजे बावन्न आठवडे आणि वर दोन दिवस. ते दोन दिवस म्हणजे रवि-सोम, सोम-मंगळ, असं करत शनि-रविपर्यंत, सात जोड्या. त्यातल्या दोन जोड्यांत रविवार. उत्तर सातांत दोन. बायने पंधरा सेकंदांत केलं. मला पटेना. २०२४ लीप वर्षच होतं. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि बोट ठेवून रविवार मोजले. बावन्न भरले. परत मोजले. बावन्नच.

"बघ, त्रेपन्न नाहीत. उत्तर चूक."

"पप्पा," ती म्हणाली, "या वर्षी सोमवारी सुरू झालं ना? मग जादाचे दोन सोम आणि मंगळ. सोमवार मोज."

मी सोमवार मोजले. त्रेपन्न. मंगळवार त्रेपन्न. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता एकादश्यापण मोजून टाका, मला उपवास कळतील." पण मला त्या दिवशी संभाव्यता म्हणजे काय ते कळलं, जे बारावीच्या कॉमर्समध्ये कुणी कळू दिलं नव्हतं.

आणि मग ठोकाठोकीचा हिशेब. बायच्या मैत्रिणी म्हणायच्या, येत नसेल तर 'क' भरायचं, काहीतरी लागतंच. मी आणि बायने बसून मांडलं. चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरीने एक बरोबर आणि तीन चूक. एकाचे अडीच आले. तीन चुकांचे अडीच गेले. हातात शून्य. ज्याने कोणी हा एक-तृतीयांशाचा नियम केला त्याने बरोब्बर मोजून केलाय, आंधळ्या ठोकणाऱ्याला ना नफा ना तोटा. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे ओळखता आलं तर? मग तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक. अडीच आले, १.६७ गेले, पदरात ०.८३. दोन पर्याय उडवता आले तर दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक, पदरात १.६७. म्हणजे ठोकणं वाईट नाही, आंधळेपणाने ठोकणं फुकटचं. आमच्या गावात मटका लावणारे रोज माझ्या गाडीतून जातात, स्वप्नात साप दिसला तर कोणता आकडा ते मला सांगतात. त्यांच्या खेळातही हा हिशेब कुणी मांडून दाखवायला हवा. मी एकदा प्रयत्न केला. तो माणूस आता दुसऱ्या गाडीने जातो.

मे अखेरीला पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आला. पावसाच्या आधी नारळ उतरवून घ्यावे लागतात, नाहीतर वाऱ्यात कौलांवर पडतात. त्या आठवड्यात बाय 'हाइट्स अँड डिस्टन्सेस' करत होती आणि ते तिला कंटाळवाणं वाटत होतं. मनोरे, दीपगृहं, विमानं. मी म्हटलं, चल, आपला माड मोजू. तिच्या शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, मध्ये दोरा बांधला, दोऱ्याला नळाचा वायसर लटकवला. कोनमापकाची सरळ कड डोळ्याला लावून माडाचा शेंडा बघायचा आणि दोरा कुठे पडतो ते वाचायचं. ती मागे मागे सरकत गेली, विहिरीच्या पलीकडे, कोन तीस भरला तिथे मी काठी रोवली. मग पुढे आली, साठ भरला तिथे दुसरी काठी. दोन काठ्यांमध्ये टेप धरली. सोळा मीटर.

तीस आणि साठचं गणित सुटसुटीत. मधल्या अंतराला वर्गमूळ तीनाने गुणून निम्मं करायचं. सोळाचे निम्मे आठ, गुणिले १.७३२, म्हणजे १३.८६ मीटर. बायने वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

पाडेली वर चढत होता. मी त्याला ओरडून सांगितलं, दोरीचं एक टोक शेंड्याला धर आणि बाकीची खाली सोड. त्याला वाटलं मला वेड लागलंय, पण दोन नारळ जास्त मिळतील म्हणून त्याने केलं. जमिनीला टेकली तिथे गाठ मारली, दोरी खाली घेऊन टेपने मोजली. १५.२.

दीड मीटरच्या आसपास फरक. बाय घाबरली. कोन पुन्हा बघितले, टेप पुन्हा धरली. पाडेली खाली उतरून नारळ सोलत बसला होता, तोच म्हणाला, "बाये, तू उभी राहून बघत होतीस ना? की जमिनीवर झोपून?"

ती उभी राहून बघत होती. डोळा जमिनीपासून दीड मीटरवर. १३.८६ मध्ये दीड मिळवले की १५.३६. राहिलेली सोळा सेंटिमीटर माडाच्या वाकाची म्हणा किंवा माझ्या काठ्यांची. पुस्तकातला 'निरीक्षकाची उंची दीड मीटर असेल तर' हा तुकडा तिने आजवर शंभर वेळा वाचला असेल आणि शंभर वेळा तो मुद्दाम त्रास द्यायला घातलाय असं तिला वाटलं असेल. त्यानंतर तो तुकडा तिने कधी विसरला नाही. मी तर माडाकडे बघताना अजूनही तीस-साठ बघतो.

जूनमध्ये पाऊस लागला. मयेत पाऊस लागला की वीज जाते, नेटवर्क तिच्या पाठोपाठ. व्हिडिओ बघून शिकणं बंद पडलं ते एका अर्थी बरंच झालं. झेरॉक्सवाल्याकडून पाठकोरे कागद आणले, जुने पेपर छापून आणले, ओएमआरच्या तीस प्रती काढल्या. ओएमआरचा सराव लोक करत नाहीत आणि तिथेच मरतात. प्रश्न सोडायला शिकलं की नवं दुखणं येतं. एकतीसावा सोडला आणि बत्तीसाव्याचं उत्तर चुकून एकतीसाव्या ओळीत भरलं तर पुढची सगळी माळ एका मण्याने सरकते. आमच्याकडे जुलैत एकदा ती सरकली. चौदा उत्तरं बरोबर असून चूक. बाय त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून सोडलेल्या प्रश्नाच्या ओळीवर पुस्तिकेत आधी मोठा गोल काढायचा, मग पुढे जायचं, आणि दर दहा प्रश्नांनी आकडा तोंडाने म्हणून ताडायचा. मी गाडीत उतारू मोजतो तसं.

पेपर तीन फेऱ्यांत करायचा ठरला. पहिल्या फेरीत वाट दिसते तेवढेच. दुसऱ्या फेरीत वाट दिसते पण लांबची आहे ते. तिसऱ्या फेरीत दोन पर्याय उडवता येतात ते. उरलेले राहू देत. विषयांचंही तिने वाटप केलं. मॅट्रिक्स, संभाव्यता, सांख्यिकी, बायनरी आकडे, हा तिच्या मते स्वस्तातला माल, पहिल्या फेरीत उचलायचा. बायनरी मलाही आलं. ते वाण्याच्या वजनांसारखं आहे. एक, दोन, चार, आठ किलोची वजनं, प्रत्येक एकच. तेरा किलो तोलायला आठ, चार आणि एक लागतं, दोनचं लागत नाही. लागलं तिथे एक, नाही तिथे शून्य, मोठ्यापासून लिहीत गेलं की ११०१. एकाच माहितीवर दोन-तीन प्रश्न असतात, ते मात्र पहिल्याला वेळ गेला तरी करायचे, कारण एकदा विहीर खणली की दोन घागरी भरतात.

सगळंच जमलं असं नाही. त्रिमितीतली भूमिती तिच्याही हाताला लागली नाही आणि माझ्या तर डोक्यावरून गेली. शेवटी आम्ही तो भाग सरळ सोडला. इथे मला आतून लागलं. माझा धंदाच असा की थांब्यावर उभा असलेला माणूस सोडून गाडी नेणं पाप. आणि इथे मीच पोरीला सांगतोय, सोड, पुढे जा, बघू नको मागे.

कधी कधी वाटायचं हे खूळ कुठून आलं. मी तरुण असताना मांडवीच्या पलीकडे, वेरेला, नौदलाची अकादमी होती. पांढऱ्या गणवेशातली पोरं पणजीत दिसायची, मी बघत उभा राहायचो. २००९ला ती केरळात एझिमलाला गेली. बायने ती कधी पाहिली नाही, माझ्या तोंडून ऐकली. बरं, तेव्हा मुलगी असती तर ऐकूनही उपयोग नव्हता. २०२१च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना या परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुली पहिल्यांदा बसल्या. यंदा ३० मेला खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या सतरा जणी शिकून बाहेर पडल्या. आम्ही फोनवर बघितलं. बाय एसएसबीहून परत आल्यापासून गप्प गप्प होती, तिने ते दोनदा बघितलं आणि न सांगता कपाटातून ओएमआरचे उरलेले कागद काढले.

गेल्या वर्षीची दुसरी परीक्षा १ सप्टेंबरला होती, रविवारी. सहा दिवसांवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. घरात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान यायला लागलेलं, आणि तिची आई म्हणत होती की यंदा सुपारीचा घड टांगायलासुद्धा हे दोघे कोन मोजतील. पाऊस मुसळधार. मी रजा टाकली होती. पणजीत पोचलो तेव्हा बायचे बूट भिजलेले, म्हणून मी माझे मोजे काढून तिला दिले. ती आत गेली, मी समोरच्या दुकानाच्या पागोळीखाली अडीच तास उभा. आजूबाजूला बापच बाप. एक जण जप करत होता.

साडेबाराला ती बाहेर आली. या वेळी मान खाली नव्हती, पण वरही नव्हती. मध्येच कुठेतरी. एप्रिलमध्ये मी विचारलं होतं किती सोडवलीस. या वेळी विचारलं, "किती सोडलीस?"

"एक्केचाळीस," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून जरा हसली. "त्यात एक तुझ्या माडाचा होता. दोन मनोरे आणि मध्ये नदी. बघितलं, लांबचा वाटला, गोल काढला, पुढे गेले."

दुपारच्या पेपराला दीड तास होता. आम्ही पुरी-भाजी खायला गेलो.